धुऱ्यावरची भेंडी

मनकर्णेला मधेच थांबून पाहायची खोड होती. तण निंदायला बसलेल्या बाया ओळ संपल्यावरच कंबर सरळ करायच्या. ही मात्र ओळीच्या मधोमध उकिडवी बसून एखाद्या पानाची मागची बाजू उलटून पाहत असायची.

"काय सापडलं वं तुले? सोनं?" तिचा नवरा रुपराव लांबून ओरडायचा.

"मुंगी माव्याले मारून राहिली का राखून राहिली, ते पाहून राहिली," ती मान वर न करता सांगायची. रुपराव हसून पुन्हा तण काढायच्या डवऱ्याच्या बैलांमागे लागायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या उत्तरांची त्याला सवय झाली होती.

त्यांचं गाव नागपूरहून सावनेरकडे जाणाऱ्या सडकेला लागून होतं. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी. छिंदवाड्याकडे जाणारी छोटी रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि वारा तिकडचा असला की तिची शिटी पार वावरापर्यंत ऐकू यायची. रुपरावाचं वावर आणि त्याच्या धाकट्या भावाचं, बाबारावचं, वावर शेजारी-शेजारी होतं. मधे एक धुरा, म्हणजे बांध. दोघांच्याही काळ्या जमिनीत कपाशी, त्यांच्या बोलीत पऱ्हाटी. मृगात पेरणी आटोपली की मनकर्णा त्या धुऱ्याच्या कडेने भेंडीचे दाणे टोचायची. घरची भाजी व्हायची, उरलेली बाबारावच्या बायकोकडे, गोपिकेकडे, जायची. दोन्ही घरंही लागूनच होती. पदराखाली भेंडी झाकून मागच्या दाराने गेलं की झालं.

त्या वर्षी श्रावणात मनकर्णा भेंडी तोडायला गेली, तर बहुतेक शेंगा किडलेल्या. शेंगेला एक बारीक गोल भोक आणि भोकाच्या तोंडाशी ओलसर भुसा. तिने एक शेंग मोडली. आत एक बुटकी, तपकिरी अळी होती. अंगावर ठिपके, बारीक काट्यांसारखे केस. उजेड लागताच ती आखडून बसली. मनकर्णेने दुसरी शेंग मोडली, तिसरी मोडली. मग तिची नजर भेंडीला खेटून उभ्या असलेल्या कपाशीकडे गेली. झाडं पात्यांनी, म्हणजे कळ्यांनी, लगडली होती, खालची बोंडं धरू लागली होती. तिने एकेक बोंड चाचपून पाहिलं. एकालाही भोक नव्हतं. हातभर अंतरावर भेंडीची चाळण झालेली आणि कपाशी मात्र साजरी, टवटवीत.

"हे असं काहून?" ती स्वतःशीच म्हणाली.

घरी आल्यावर तिने रुपरावाला सांगितलं. तो जेवायला बसला होता. भाजी एवढीशी का, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं.

"अळीनं भेंडी खाल्ली अन् कपाशी सोडली," मनकर्णा म्हणाली.

"चांगलंच झालं ना मंग. खाऊ दे तिले भेंडी. तू मले कारलं कर."

मनकर्णेने कारलं केलं. पण डोक्यातून ती अळी जाईना.

थोड्याच दिवसांनी बाबाराव ओसरीवर आला. बाबाराव कामाला चोख माणूस. त्याच्या वावरात तण म्हणून दिसायचं नाही, त्याची डवरणी गावात सगळ्यांच्या आधी व्हायची, आणि काही बिघडलं की कशामुळे बिघडलं हे त्याला लगेच कळायचं. निदान त्याला तसं वाटायचं. त्याने धोतराच्या ओच्यातली बोंडं ओसरीवर ओतली.

"वयनी, हे पाहा. अळी पडली माह्या वावरात. अन् कुठून आली ते सांगू? तुमच्या भेंडीतून."

रुपराव अडकित्ता हातात धरून तसाच राहिला. "भेंडीतून कशी येईल गा?"

"दादा, भेंडीत अळी आहे का नाई? आहे. भेंडी धुऱ्यावर आहे, धुऱ्याले लागून माही पऱ्हाटी आहे. आता यात इचार करासारखं काय राह्यलं?"

"उपटून टाक ना वं," रुपराव बायकोकडे वळून म्हणाला. "भाजीच तं आहे. भावाभावात कायले वाद?"

मनकर्णा मात्र भांडायच्या तयारीत नव्हतीच. ती खाली बसून बोंडं निवडत होती. एक बोंड तिने नखाने उकललं. आत अळी होतीच, सरकीला तोंड लावून बसलेली.

"भाऊजी, हे बोंड धुऱ्याजवळचं का?"

बाबाराव जरा अडखळला. "हे... हे पार तिकडचं, नाल्याकडच्या कोपऱ्यातलं आहे."

"अन् धुऱ्याजवळच्या पऱ्हाटीवर?"

"तिथं अजून दिसली नाई. पण येईल ना! वाट पाहत बसू का मी?"

मनकर्णा उठली, आत जाऊन एक किडलेली भेंडी घेऊन आली आणि तिच्यातली अळी काढून बोंडातल्या अळीशेजारी पळसाच्या पानावर ठेवली. तिघंही वाकून पाहू लागले. एक थोडी गडद होती, एक फिकट. काटे तसेच, ठिपके तसेच.

"सारखीच दिसते," बाबाराव म्हणाला.

"दिसते तं खरी. पण तुमी अन् हे पाठीमागून सारखेच दिसता. मागच्या दिवाळीत मी तुमाले 'अवो, पाणी आणा' म्हणून ओरडली होती."

रुपराव मोठ्याने हसला. बाबारावलाही हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं.

"मंग कसं करता?"

"पाळून पाहू," मनकर्णा म्हणाली. "अळीचं पाखरू होते, हे मी एरंडीवरच्या अळीचं पाह्यलं आहे. एका गाडग्यात भेंडीतल्या अळ्या, एका गाडग्यात बोंडातल्या. दोन्हींतून एकच पाखरू निघालं, तं मी त्याच दिवशी धुरा साफ करतो. वेगळं निघालं, तं तुमी भेंडीचं नाव काढाचं नाई."

बाबारावला हे पटलं. आपलंच खरं निघणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती, आणि वहिनीने शब्द दिला की ती तो फिरवत नाही हेही त्याला ठाऊक होतं.

ओसरीच्या कोपऱ्यात दोन गाडगी बसली. तोंडाला जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा बांधला, म्हणजे हवा आत जाईल आणि अळी बाहेर येणार नाही. कोणतं कोणतं हे चुकू नये म्हणून गोपिकेने भेंडीच्या गाडग्यावर कुंकवाचं बोट ओढलं. सकाळी सडा-सारवण झालं की दोघी जावा गाडग्यांपाशी बसत. एकात ताजी भेंडी घालायची, दुसऱ्यात ताजं बोंड. गोपिकेला पहिले दोन-तीन दिवस किळस आली. मग तीच आधी उठून फडकं सोडू लागली.

बाबाराव रोज काही ना काही निमित्ताने यायचा. "वयनी, ताक आहे का?" असं विचारायचा आणि ताक येईपर्यंत हळूच गाडग्याकडे झुकायचा.

एके सकाळी अळ्या दिसेनाशा झाल्या. गोपिका घाबरली.

"बाई, पळाल्या वाटते. नाई तं मेल्या."

मनकर्णेने गाडगं उजेडात तिरपं धरलं. आतल्या भिंतीला मळकट रंगाच्या बारीक पिशव्या चिकटल्या होत्या. प्रत्येक पिशवीचा आकार उपड्या डोंग्यासारखा, होडीसारखा, दोन्ही टोकांना निमुळता. तिने बोटाने दाबून पाहिलं. चिवट होती.

"पळाल्या नाई. घर बांधून दार लावून बसल्या."

पोळा आला. बैलांच्या शिंगांना रंग लागले, पुरणाच्या पोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बायकांनी दाराला लावलेल्या पळसाच्या डहाळ्या काढल्या आणि गावाबाहेर नेऊन टाकताना रोगराई घेऊन जाणाऱ्या मारबतीला ओरडून सांगितलं, खोकला ने, ताप ने, माशा ने. गोपिका कोपराने ढोसत म्हणाली, "अळ्याही ने म्हणा." मनकर्णा सगळ्यांबरोबर ओरडली, "अळ्या घेऊन जाय वं मारबत!" आणि लगेच तिलाच हसू फुटलं. "गाडग्यातल्या राहू दे म्हणा बाप्पा, त्यायचं काम बाकी आहे."

पोळ्यानंतर काही दिवसांनी ती चूल सारवत होती, तर गोपिकेची हाक आली. "बाई, या! लवकर या!"

कुंकवाच्या गाडग्यात फडफड होती. मनकर्णेने फडकं एका बाजूने उचललं आणि आत डोकावली. पाखरू एवढंसं, नखावर मावेल असं. पंख सायीसारखे फिके, आणि त्यांच्या मधून हिरवा पट्टा गेलेला, कोवळ्या पात्याच्या रंगाचा. ती पाहतच राहिली. त्या काटेरी, बुटक्या अळीच्या पोटात हे होतं? भेंडीत तोंड खुपसून विष्ठा करत बसणारी ती, आणि हे असं नवं लुगडं नेसून बाहेर आलेलं! आपण पैज लावली आहे, हे ती त्या क्षणी साफ विसरली होती.

दुसऱ्या गाडग्यातून पाखरं निघायला आणखी दोन दिवस लागले. तेव्हा बाबारावही हजर होता. फडकं उचललं. तेच फिके पंख, तोच हिरवा पट्टा.

बाबाराव जिंकला होता, पण तोही त्या पाखराकडे पाहण्यात गुंतला होता.

"एकच आहे," तो हळूच म्हणाला.

"एकच आहे," मनकर्णा म्हणाली आणि पदर खोचून वावराकडे निघाली.

"बाई, थोडी तं राहू द्या," गोपिका मागून आली.

"नाई वं. बोलली ते बोलली."

तिने भेंडीचं एकेक झाड मुळासकट उपटलं. धुरा मोकळा झाला. उपटलेल्या झाडांचा ढीग तिने धुऱ्याच्या टोकाला रचला. वाळला की जाळू, असं म्हणून ती परतली. चेहऱ्यावर राग नव्हता, पण चालताना ती काहीतरी आठवल्यासारखी दोनदा थांबली. धुऱ्याजवळच्या कपाशीवर अळी का नव्हती, या प्रश्नाचं उत्तर त्या गाडग्यांतून निघालं नव्हतं.

दसरा जवळ आला तसं दोन्ही वावरांचं रूप बदललं. आधी रुपरावाच्या बाजूची, धुऱ्याला लागून असलेली बोंडं भोकं पडून गळू लागली. मग बाबारावच्या बाजूची. आणि सगळ्यात वाईट गत धुऱ्याच्या टोकाला, जिथे उपटलेल्या भेंडीचा ढीग जाळायचा राहून गेला होता तिथे. मनकर्णेने ढीग हलवून पाहिला. शेंगा वाळून कडक झाल्या होत्या. आत अळ्या नव्हत्या, नुसती भोकं होती. म्हणजे शेंगा सुकल्यावर अळ्या चालत निघाल्या होत्या, आणि चालत जायला शेजारीच कपाशी होती.

"मीच वाढून देलं त्यायले," ती म्हणाली.

बाबाराव तिथेच उभा होता. "पाह्यलं? भेंडीतूनच आली ना शेवटी!"

"ढिगातून आली, भाऊजी. भेंडी उभी होती तोवर का नाई आली?"

बाबाराव खाली बसून त्या वाळक्या शेंगा एकेक करून मोडून पाहू लागला.

वेचणीच्या आधीची सीतादहीची पूजा झाली, पहिली वेचणी झाली. गोपिकेने वावराच्या कोपऱ्यात दहीभात ठेवला, हात जोडले. पण बोंडातून निघणाऱ्या कापसाला जागोजागी पिवळे डाग होते. बाया वेचताना चांगला आणि किडका वेगवेगळा करत होत्या, आणि किडक्याची ओटी आधी भरत होती.

दोन गाड्यांत कापूस घेऊन दोघे भाऊ नागपूरला निघाले, तेव्हा या वेळी बायकाही रुपरावाच्या गाडीत बसल्या. गोपिकेची मावशी महाल नावाच्या वस्तीत राहायची, तिच्याकडे उतरायचं होतं. आणि गोपिकेला लग्न झाल्यापासून अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, पाहायचा होता. मनकर्णेने कमरेच्या पिशवीत एक आगपेटी घेतली होती. आगपेटीत कापसाच्या गादीवर एक मेलेलं पाखरू होतं, गाडग्यातलं.

अजब बंगल्यात गर्दी होती ती भुसा भरलेल्या वाघापाशी. लोक त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत आणि मागे सरकत. रुपरावही तिथेच अडकला. मनकर्णा पुढे गेली. जुनी नाणी, दगडाच्या मूर्ती, कोण्या राजाची ढाल, असं करत करत ती एका काचेच्या पेटीपाशी थबकली. आत टाचण्या टोचून फुलपाखरं मांडली होती, मोठी निळी-काळी वर आणि खालच्या ओळींत बारीक पतंग. तिने आगपेटी उघडली आणि काचेला लावली.

"बाई, काचेले हात नाई," मागून आवाज आला. तिथला राखणदार होता, भैयाजी नावाचा, खाकी कोट घातलेला म्हातारा. तिच्या हातात काय आहे हे पाहिल्यावर मात्र त्याची चढलेली भुवई खाली आली. "हे काय आणलं?"

"याचा भाऊबंद कोणी इथं आहे का, ते पाहून राहिली."

भैयाजीला या नोकरीत वाघाचं वजन विचारणारे पुष्कळ भेटले होते. भाऊबंद शोधणारं कोणी भेटलं नव्हतं. त्याने चष्मा पुसला आणि तोही काचेवर वाकला. दोघांनी एकेक ओळ तपासली. तळाच्या ओळीत, कोपऱ्यात, एक पतंग होता. रंग उडून गेलेला, पण हिरव्या पट्ट्याची खूण अजून होती.

"हा!" भैयाजी लहान पोरासारखा ओरडला.

"हाच," मनकर्णा म्हणाली. "बाबा, हे खाते काय? याले जास्त काय आवडते?"

"माय, माह्याजवळ हे मेल्यावर येते. जेवणाचं मले कसं ठाऊक राहीन?" त्याने डोकं खाजवलं. "पण इचारलं पाह्यजे होतं कोणीतरी."

गोपिका आणि बाबाराव तोवर येऊन उभे राहिले होते. गोपिकेने काचेत पाहिलं, मग जावेकडे पाहिलं.

"बाई, खरंच. आपण गाडग्याले काय इचारलं? तर हे कोण आहे. दोघी एकच का वेगळ्या. आवडीचं तं इचारलंच नाई." ती बाबारावकडे वळली. "मी भरीत केलं अन् वरण केलं, तं हे दोन्ही खातात. पण भरीत दिसलं का वरणाकडे पाहत नाई. भरीत संपल्यावरच वरणाची आठवण येते."

बाबाराव तोंडातल्या तोंडात म्हणाला, "आता घरचं इथं कायले काढते वं?" मग काचेला नाक लावून तो त्या फिक्या पतंगाकडे पाहू लागला.

परतीच्या वाटेवर, कोराडीच्या तळ्याशी बैल पाणी पीत असताना, तो आपणहून मनकर्णेच्या गाडीपाशी आला.

"वयनी, समजा भेंडी हे तिचं भरीत आहे. पण भरीत खाऊन तिची पिल्लावळ वाढेल ना? मंग सगळ्यायले कुठून पुरेल? शेवटी येईलच कपाशीवर."

"येईल. म्हणूनच तं ढिगाचं झालं तसं झालं." मनकर्णा थोडी पुढे सरकून बसली. "पण भाऊजी, शेंगेत शिरली का ती सापडते. बोंडात शिरली तं आपण वेचणीपर्यंत काही पाहत नाई. भेंडी मी रोज तोडतो. किडकी शेंग तोडून अळीसकट नेली तं?"

बाबारावने बैलाच्या पाठीवर थाप मारली. "अर्ध्या धुऱ्यावर लावा. धुऱ्याच्या मधल्या बाभळीपासून विहिरीकडे भेंडी, बाभळीपासून नाल्याकडे काहीच नाई. मंग मले दिसेल कोण खरं ते."

"अन् किडक्या शेंगा तुमीही तोडाच्या. माह्या एकटीच्या डोळ्यावर भरवसा नको."

रुपरावाने गाडीच्या पुढून मान वळवली. "या दोघायले आता मृगापर्यंत झोप लागत नाई," तो गोपिकेला म्हणाला.

पुढल्या मृगात तसंच केलं. बाभळीपासून विहिरीपर्यंत भेंडीची दाट ओळ लागली. श्रावणात भेंडीला शेंगा आल्या आणि शेंगांना भोकं पडली, तेव्हा बाबाराव टोपली घेऊन मनकर्णेच्या आधी धुऱ्यावर हजर असायचा. पहिल्या दिवशी त्याने फक्त उघड किडलेल्या शेंगा तोडल्या. मग शेंगेवर ओलसर ठिपका दिसला तरी तो ती मोडून पाहू लागला. शेंडा वाळलेला दिसला तर तोही चिरून पाहायचा आणि आत अळी निघाली की मोठ्याने हाक द्यायचा. त्याच्यासारख्या चोख माणसाला हे काम फारच मानवलं. टोपली गोपिकेच्या अंगणात उलटी झाली की कोंबड्या धावत यायच्या; काही दिवसांनी त्या बाबारावला लांबून पाहूनच धावू लागल्या. उरलेल्या शेंगा उकिरड्यात खोल पुरायच्या, हा त्याचाच नियम.

गावात चर्चा झाली. बाबारावसारखा माणूस रोज भेंडी मोडत बसतो, वहिनीनं याला नादी लावलं, असं लोक म्हणाले. बाबारावने कोणालाच उत्तर दिलं नाही. त्याला अजून स्वतःलाच उत्तर मिळायचं होतं.

दसऱ्यानंतर चौघंही वावरात गेले. आधी नाल्याकडची बाजू पाहिली, जिथे धुरा मोकळा होता. हात घालावा तिकडे किडकं बोंड लागत होतं. मग बाभूळ ओलांडून ते भेंडीच्या बाजूला आले. मनकर्णेने झाडाखालून वरपर्यंत चाचपलं. बोंड टणक, शाबूत. पुढचं झाड, त्याच्या पुढचं. कुठे एखादं भोक होतं, नाही असं नव्हतं. पण ते शोधावं लागत होतं. फुटलेल्या बोंडांतला कापूस डाग नसलेला, मोकळा लोंबत होता. रुपरावाने तो मुठीत घेऊन दाबला आणि बायकोच्या हातात दिला.

बाबाराव दोनदा बाभळीपर्यंत जाऊन परत आला.

"भेंडीनं नाई झालं हे," तो शेवटी म्हणाला. "तोडल्यानं झालं."

"भेंडी नसती तं तोडलं काय असतं, भाऊजी?"

तो खदखदून हसला. इतका, की पलीकडच्या वावरातून रामाजी पाटलाने मान वर करून पाहिलं.

रामाजीनेही पुढच्या वर्षी धुऱ्यावर भेंडी लावली. तोडायला मात्र त्याच्याकडे कोणाला सवड झाली नाही. शेंगा जून होऊन फुटल्या, अळ्या निघून कपाशीत शिरल्या, आणि रामाजी तावातावाने रुपरावाच्या ओसरीवर आला. मनकर्णा काही बोलणार, त्याआधी बाबारावच पुढे झाला.

"पाटील, शेंग कोवळी आहे तोवरच अळी तिथं राह्यते. तेवढ्यातच काढून घ्या लागते. मोकळी सोडली तं तुमी अळीले बाळसं देऊन वावरात पाठवलं. मी हेच केलं असतं, वयनीनं गाडगी मांडली नसती तं." मग त्याने रामाजीला हाताला धरून धुऱ्यावर नेलं आणि कोणती शेंग किडकी, कोणता शेंडा किडका, हे दुपारपर्यंत दाखवत राहिला. पाटलाला भूक लागली, याला लागली नाही.

हळूहळू गावात पुष्कळ धुऱ्यांवर भेंडी दिसू लागली. कोणी तोडायचं, कोणी कंटाळायचं. जे तोडायचे त्यांचा कापूस बरा निघायचा. एखाद्या वर्षी पाऊस लांबला की तोडणाऱ्यांचंही फसायचं, आणि तसं का झालं हे मनकर्णेलाही सांगता यायचं नाही. ती तसं सरळ सांगूनही टाकायची.

गाडगी मात्र तिच्या ओसरीवरून हलली नाहीत. दरसाल नव्या अळ्या, नवे डोंगे, नवी पाखरं. दोघी जावांना आता पाखरू निघायच्या आदल्या दिवशीच पिशवीचा रंग पाहून कळायचं.

आणि एका भाद्रपदात, उन्हं ओसरीवर आली असताना, बाबाराव ताक न मागताच आत आला. हातात त्याच्या घरचं गाडगं होतं. त्यानेही आता एक ठेवलं होतं, कोणाला न सांगता.

"वयनी, हे पाहा. डोंगा फुटला, पण पाखरू नाई निघालं. हे निघालं."

मनकर्णेने गाडगं हातात घेतलं आणि पायरीवर उजेडात येऊन बसली. तळाशी काळे, मुंगीपेक्षाही बारीक जीव फिरत होते. त्यांना पंख होते, कंबर गांधीलमाशीसारखी आवळलेली. पिशवीला कडेने एक भोक पडलं होतं, आतून कुरतडल्यासारखं. अळी कुठेच नव्हती.

"अळीच्या आत होते का हे?" गोपिका मागून वाकली.

"आतच असतील. गाडग्याले फडकं बांधलं होतं ना, भाऊजी?"

"बांधलं होतं. घट्ट."

"मंग तिच्या अंगात कोण घालून गेलं असेल यायले? अन् केव्हा?"

बाबाराव तिच्या शेजारी पायरीवर बसला. रुपरावाने आतून विचारलं, जेवायला कोणी येणार आहे की नाही. मनकर्णेने एक गवताची काडी घेतली आणि त्यातला एक काळा जीव हळूच तिच्या टोकावर चढवून उन्हात धरला.